खगोलचित्रांची वजाबाकी आणि भागाकार : आधी शून्य कुठे आहे ते पाहावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण १४ बिटच्या डीएसएलआर कॅमेऱ्याने मृगातील तेजोमेघाच्या साठ फ्रेम (यांना लाइट म्हणतात) घेतल्या, सोबत वीस डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम) आणि वीस फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फ्रेम) घेतले, आणि सॉफ्टवेअरमधील तयार बटण न दाबता सगळी आकडेमोड स्वतः करून पाहायचे ठरवले. डार्क वजा केल्यावर पार्श्वभूमीवर काळेकुट्ट ठिपके आले. तीच वजाबाकी पायथॉनमध्ये केली, तर त्याच जागी पांढरेशुभ्र ठिपके आले. फ्लॅटने भागल्यावर एका सॉफ्टवेअरमध्ये चित्र जवळपास पूर्ण काळे झाले, तर दुसऱ्यात ते ठीक दिसले, पण कोपरे काळसरच राहिले. शेवटी आपण विचारले आहे की, मित्राच्या कृष्णधवल कॅमेऱ्याने घेतलेल्या हायड्रोजन-अल्फा चित्रातून (हायड्रोजन वायूच्या एका लाल प्रकाशरेषेच्या चित्रातून) लाल चित्र वजा करून तारे काढून टाकता येतील का.

तयार बटण न दाबण्याचा आपला निर्णय योग्य आहे, कारण या चारही लक्षणांमागे साधे अंकगणित आहे आणि ते एकदा हाताने केले की पुढे कोणतेही सॉफ्टवेअर परके वाटत नाही. शाळेत वजाबाकी केल्यावर ताळा पाहायला शिकवतात. इथेही प्रत्येक क्रियेनंतर पडद्यावर चित्र कसे दिसते ते न पाहता पिक्सेलचा आकडा वाचायचा. पडद्यावरचे चित्र सॉफ्टवेअरने आपल्या सोयीसाठी ताणून दाखवलेले असते, त्यामुळे ते पाहून गणित बरोबर आले की नाही हे ठरवता येत नाही.

प्रथम ठिपक्यांविषयी. कॅमेरा आकडे मोजताना शून्यापासून सुरुवात करत नाही, तर मुद्दाम काही उंचीवरून करतो; या उंचीला मी पुढे पायरी म्हणतो. अनेक कॅनन कॅमेऱ्यांत ही उंची २०४८ असते, म्हणजे झाकण लावून अगदी लहान एक्स्पोजर घेतले तरी पिक्सेल सरासरी २०४८ दाखवतो. आपल्या कॅमेऱ्याचा हा आकडा एक बायस फ्रेम (झाकण लावून अतिलघु एक्स्पोजरने घेतलेली फ्रेम) उघडून लगेच कळेल. मी उदाहरणासाठी २०४८ धरतो. आता एक गरम पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही मोठा आकडा दाखवणारा पिक्सेल, घ्या. आपण डार्क संध्याकाळी घरी घेतले आणि लाइट पहाटेपर्यंत माळावर घेतले, असे आपल्या टिपणांवरून दिसते. हिवाळ्यात सह्याद्रीच्या पठारावर संध्याकाळचे २७ अंश पहाटे १५ वर येणे नित्याचे आहे. सेन्सरमधला डार्क करंट, म्हणजे उष्णतेमुळे अंधारातही साचणारा आकडा, साधारण दर ६ ते ७ अंशांना दुप्पट होतो, म्हणून १२ अंशांच्या फरकाने तो सुमारे साडेतीन पट बदलतो. समजा, संध्याकाळच्या डार्कमध्ये त्या पिक्सेलने २०४८ अधिक १८००, म्हणजे ३८४८ दाखवले. पहाटेच्या लाइटमध्ये त्याच पिक्सेलवर २०४८ ची पायरी, आकाशाचे ६०० आणि गरमपणाचे जेमतेम ५०० मिळून ३१४८ आले. वजाबाकीचे उत्तर उणे ७०० येते.

या उणे ७०० चे काय करायचे, हे त्या त्या सॉफ्टवेअरवर आणि आकड्याच्या प्रकारावर ठरते, आणि आपल्या दोन वेगळ्या लक्षणांची गोम इथेच आहे. एका सॉफ्टवेअरने ऋण संख्या मान्य नसल्यामुळे तिथे शून्य लिहिले, म्हणून काळा ठिपका आला. पायथॉनमध्ये आपण ॲस्ट्रोपाय या खगोलशास्त्राच्या संचाने फाइल वाचली, तेव्हा आकडे चिन्हविरहित १६ बिट पूर्णांक म्हणून आले. या प्रकारात शून्याच्या खाली गेलेला आकडा गोल फिरून वरच्या टोकाला येतो, म्हणजे ६५५३६ वजा ७०० बरोबर ६४८३६, म्हणून पांढरा ठिपका आला. नमपाय हा पायथॉनचा आकडेमोडीचा संच या ठिकाणी कोणतीही सूचना देत नाही. वजाबाकीच्या आधी दोन्ही चित्रे ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (ऋण आणि दशांश संख्याही मावणाऱ्या प्रकारात) बदलून घेतली की हा प्रश्न उरत नाही. त्या प्रकारात १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक तंतोतंत राहतात, म्हणजे ६५५३५ च्या कमाल आकड्याच्या २५६ फ्रेमची नुसती बेरीजसुद्धा एका एककाचाही फरक न पडता मावते. आपल्या साठ फ्रेमसाठी ते पुरेसे आहे.

याच्या जोडीला फिट्स या खगोलचित्रांच्या फाइल-स्वरूपाची एक गोष्ट माहीत असावी. १९८१ मध्ये या स्वरूपाचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हापासून त्यातला १६ बिट पूर्णांक चिन्हासहित आहे. त्यामुळे ० ते ६५५३५ हे आकडे मावावेत म्हणून फाइलमध्ये प्रत्येक आकड्यातून ३२७६८ वजा करून लिहितात आणि शीर्षकात (फाइलच्या सुरुवातीच्या नोंदींत) बीझीरो या नावापुढे ३२७६८ नोंदवतात. आपला २०४८ तबकडीवर प्रत्यक्षात उणे ३०७२० असा बसलेला असतो. चांगले सॉफ्टवेअर ही बेरीज आपणहून करते. पण स्वतः बाइट वाचणारा प्रोग्राम लिहिला आणि हे विसरले, तर पुढचे प्रत्येक उत्तर चुकते.

मात्र फ्लोटिंग पॉइंट वापरले म्हणून आपले डार्क बरोबर झाले, असे समजू नये. आता त्या पिक्सेलवर उणे ७०० स्पष्ट दिसेल आणि त्याचा अर्थ डार्क लाइटपेक्षा गरम होते, एवढाच आहे. उपाय कॅमेऱ्याशी करायचा आहे, आकड्यांशी नाही. पहाटे चार-पाचच्या सुमारास गच्चीवर झाकण लावून, त्याच आयएसओला आणि तेवढ्याच एक्स्पोजरचे नवे डार्क घ्या. एक्सिफमध्ये (कॅमेरा फोटोसोबत लिहितो त्या नोंदींत) कॅमेऱ्याचे अंतर्गत तापमान नोंदलेले असेल तर लाइटशी दोन अंशांच्या आत जुळणारेच ठेवा.

ऋण संख्या शून्यावर आणण्याचे दुसरे नुकसान यापेक्षा मोठे आहे, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. अरुंद फिल्टरमधून घेतलेल्या चित्रात आकाश फार मंद असते. समजा, डार्क अगदी अचूक वजा केल्यावर आकाशाची खरी सरासरी ५ आहे आणि प्रत्येक पिक्सेलचा गोंगाट, म्हणजे आकड्यातला योगायोगाने होणारा चढउतार, १० आहे. मग साधारण ३१ टक्के पिक्सेल शून्याखाली असणारच, आणि त्यात काही चूक नाही. ते सगळे शून्यावर आणले की सरासरी ५ ऐवजी सुमारे ७ होते, म्हणजे आकाश ४० टक्क्यांनी उजळ मोजले जाते, आणि साठ फ्रेम एकत्र केल्याने ही चूक कमी होत नाही, कारण ती प्रत्येक फ्रेममध्ये एकाच दिशेने झालेली असते. तेजोमेघाच्या सर्वांत फिकट कडा याच आकड्यांत असतात, आणि त्यांच्यासाठीच तर आपण रात्र जागवलेली असते. पिक्सइनसाइट हे सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा ० ते १ या पट्ट्यात ठेवते, म्हणून त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये पेडेस्टल देण्याची सोय आहे. वजाबाकीनंतर १०० सारखा एक ठरावीक आकडा सगळीकडे मिळवायचा, तो शीर्षकात नोंदवला जातो, आणि पुढे योग्य जागी काढून घ्यायचा. शाळेतल्या हातच्यासारखेच हे आहे. घेतला असेल तर तो कुठे परत केला, हे लक्षात ठेवावे लागते.

आता डार्क आणि बायस कोणत्या क्रमाने वजा करायचे, त्याविषयी. लाइटच्याच एक्स्पोजरचे डार्क असतील तर त्यात बायसची २०४८ ची पायरी आधीच सामावलेली असते. लाइटमधून मास्टर डार्क (सर्व डार्कची सरासरी) वजा करणे एवढेच पुरते. आधी बायस वजा करून वर हा अखंड डार्कही वजा केला, तर ती पायरी दोनदा जाते आणि जवळपास सगळे चित्र शून्याखाली उतरते. बायसचे खरे काम फ्लॅटच्या बाजूला आहे, आणि आपल्या काळसर कोपऱ्यांचे उत्तरही तिथेच मिळते.

आपल्या फ्लॅटमध्ये मध्यभागी ८००० आणि कोपऱ्यात ५००० असे आकडे आहेत, असे आपण लिहिले आहे. या दोहोंचे गुणोत्तर ०.६२५ येते, आणि आपण त्यानेच भागले. परंतु या दोन्ही आकड्यांत २०४८ ची पायरी आहे आणि तिचा प्रकाशाशी काही संबंध नाही. ती काढली की मध्यभागी ५९५२ आणि कोपऱ्यात २९५२ उरतात, आणि खरे गुणोत्तर ०.४९६ येते. भिंगाच्या कडेला प्रकाश निम्म्यावर आला होता, पण पायरीमुळे तो पाच-अष्टमांश असल्याचा भास झाला. आता आकाशाचे मध्यभागी ६०० असतील, तर कोपऱ्यात प्रत्यक्ष २९८ पोहोचले; त्यांना ०.६२५ ने भागून ४७६ मिळतात, ०.४९६ ने भागून ६०० मिळतात. आपल्या चित्रातले कोपरे मध्यभागापेक्षा एक-पंचमांशाने काळे राहिले ते याचमुळे.

उलट चूकही होते, आणि तिचे लक्षण उलट असते. फ्लॅटमधून पायरी काढली पण लाइटमध्ये ती राहू दिली, तर कोपऱ्यातले २३४६ भागिले ०.४९६ करून ४७३० येतात आणि मध्यभागी २६४८ च राहतात. कोपरे झगझगीत उजळतात. म्हणून कोपरे काळे राहिले तर फ्लॅटची पायरी पाहावी, उजळ झाले तर लाइटची पाहावी. दोषी फ्लॅट समजून लोक पांढरा कापड बदलतात, पडदा बदलतात, पुन्हा पुन्हा फ्लॅट घेतात, आणि वजाबाकीकडे मात्र लक्ष जात नाही, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की फ्लॅट चुकला म्हटल्यावर मी प्रथम हाच ताळा करून पाहतो. फ्लॅटमधून वजा करण्यासाठी फ्लॅटच्याच एक्स्पोजरचे डार्क उत्तम. ते नसतील तर मास्टर बायसही चालतो, आणि सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये तर बायसच्या जागी बरोबरच्या चिन्हापुढे नुसता २०४८ लिहिला तरी तो स्वीकारला जातो. काही सीमॉस सेन्सरांत अतिलघु एक्स्पोजरचे बायस स्थिर नसतात. तिथे फ्लॅटचे डार्कच घ्यावेत.

भागाकाराने चित्र काळे का झाले, ते आता सोपे आहे. ६०० भागिले ५९५२ म्हणजे ०.१०, आणि पूर्णांकात लिहायचे म्हटले की ते शून्य होते. आयआरएएफ या खगोलशास्त्रज्ञांच्या सॉफ्टवेअरमधील इमॅरिथ या जुन्या आणि अजूनही वापरात असलेल्या आज्ञेचे वर्तन असेच आहे : दोन्ही चित्रे १६ बिट पूर्णांकांची असतील आणि आपण काही सांगितले नाही, तर उत्तरही पूर्णांकातच मिळते. तिथे कॅल्कटाइप आणि पिक्सटाइप या दोन्ही ठिकाणी रिअल लिहिणे हा उपाय आहे. पण नुसते फ्लोटिंग पॉइंट पुरत नाही, कारण ० ते १ च्या पट्ट्यात काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या फ्लॅटची सरासरी ०.०९ च्या आसपास पडते, आणि तिने भागल्यावर ०.२ चा तारा २.२ होऊन पट्ट्याबाहेर जातो व कापला जातो. म्हणून फ्लॅटला आधी त्याच्याच सरासरीने भागून घ्यावे, म्हणजे त्याचे आकडे १ च्या आसपास येतात आणि भागाकारानंतर लाइटची मूळ पातळी टिकते. पिक्सइनसाइटच्या पिक्सेलमॅथमध्ये हे एका ओळीत लिहिता येते : चित्र गुणिले फ्लॅटची सरासरी, भागिले फ्लॅट. सिरिलच्या एफडिव्ह आज्ञेत दुसऱ्या चित्राने भागून एका आकड्याने गुणण्याची सोय याचसाठी आहे.

पिक्सेलमॅथ वापरताना रीस्केल रिझल्ट हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी. तो चालू असेल तर प्रत्येक चित्र त्याच्या स्वतःच्या किमान आणि कमाल आकड्यांवरून ० ते १ मध्ये ताणले जाते, आणि साठ फ्रेमना साठ वेगवेगळी मापे लागतात. नंतर त्यांची सरासरी काढण्याला अर्थ राहत नाही. दुसरी काळजी मृत पिक्सेलांची. फ्लॅटमध्ये शून्य असलेल्या जागी भागाकार होऊ शकत नाही. इमॅरिथ तिथे ठरवून दिलेला आकडा, मूळ मांडणीत शून्य, लिहिते, तर नमपाय अनंत किंवा अंक नसल्याची खूण ठेवते. अशी अंक नसल्याची एक जरी खूण राहिली तरी पूर्ण चित्राची सरासरी तीच खूण होऊन बसते. भागण्यापूर्वी फ्लॅटचा किमान आकडा वाचला की हे आधीच कळते. आणि कॅमेरा रंगीत असल्यामुळे हे सगळे गणित बायर मांडणी (सेन्सरवरील लाल, हिरव्या, निळ्या पिक्सेलांची जाळी) सोडवण्यापूर्वी, कच्च्या आकड्यांवर करायचे आहे. हिरव्या पिक्सेलांची पातळी फ्लॅटमध्ये वेगळी असते, म्हणून प्रत्येक रंगाची सरासरी वेगळी धरली तर रंगांचा तोल ढळत नाही.

आपण घेतलेल्या वीस डार्कविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हा मुद्दा सहसा निसटतो. दोन चित्रांची वजाबाकी केली तरी त्यांच्या गोंगाटांची बेरीज होते, वर्ग करून आणि मग वर्गमूळ काढून. एकच डार्क वजा केला तर रीड नॉइज (पिक्सेल वाचताना कॅमेऱ्यानेच घातलेला गोंगाट) १.४१ पट होतो. वीस डार्कचा मास्टर वजा केला तर एका फ्रेममध्ये तो अवघा अडीच टक्क्यांनी वाढतो. एवढ्यावरून वीस पुरेसे वाटतात. पण तोच मास्टर साठही फ्रेममधून वजा होतो. लाइटचा स्वतःचा रीड नॉइज साठ फ्रेमच्या सरासरीत ०.१३ पट उरतो, तर मास्टरचा गोंगाट प्रत्येक फ्रेमवर त्याच पिक्सेलवर तसाच छापलेला असल्याने दुर्बीण जागची न हलवल्यास ०.२२ पट कायम राहतो. म्हणजे रीड नॉइजपुरते पाहिले तर वजा केलेल्या डार्कचे योगदान मूळ चित्रापेक्षा जास्त झाले. आकाश उजळ असेल तर आकाशाचा गोंगाट या दोहोंना झाकतो, पण काळोख्या माळरानावर तो झाकणार नाही. डार्कची संख्या लाइटइतकी तरी ठेवावी, आणि दर काही फ्रेमनंतर दुर्बीण दहा-बारा पिक्सेल इकडेतिकडे सरकवावी, म्हणजे हा छाप ताऱ्यांच्या सापेक्ष हलतो आणि सरासरीत विरतो.

वजाबाकीने कॅमेरा स्वतःबद्दल किती सांगतो, हे पाहायचे असेल तर दोन फ्लॅट आणि दोन बायस एवढ्यावर एक प्रयोग करा. मी प्रत्येक नवा कॅमेरा हातात आल्यावर आकाशाकडे वळवण्याआधी हेच करतो. समजा, १६ बिटच्या एका कॅमेऱ्यात मध्यभागी शंभर बाय शंभर पिक्सेलांच्या चौकोनात दोन्ही फ्लॅटची सरासरी २०,५०० आणि दोन्ही बायसची ५०० आहे. फ्लॅटची बेरीज उणे बायसची बेरीज म्हणजे ४०,०००. आता एका फ्लॅटमधून दुसरा वजा करा. धुळीचे डाग, कडेचा काळोख, सगळे दोन्हींत सारखे असल्याने निघून जाते आणि फक्त प्रकाशकणांचा व कॅमेऱ्याचा गोंगाट उरतो. त्याचे प्रमाण विचलन २०० असेल तर वर्ग ४०,०००. बायसच्या वजाबाकीचे १० असेल तर वर्ग १००. मग ४०,००० भागिले ३९,९०० म्हणजे दर आकड्याला सुमारे १ इलेक्ट्रॉन हा गेन झाला, आणि १० भागिले १.४१ करून त्याला गेनने गुणले की रीड नॉइज ७ इलेक्ट्रॉन मिळतो. ही वजाबाकी चिन्हविरहित पूर्णांकात केली तर निम्मे पिक्सेल ६५,००० च्या आसपास जातील आणि उत्तर निरर्थक येईल, त्यामुळे आपली पद्धत बरोबर आहे की नाही याचा ताळाही यातूनच मिळतो. रंगीत कॅमेऱ्यात हे एकाच रंगाच्या पिक्सेलांवर करावे.

आता हायड्रोजन-अल्फाचा प्रश्न. होय, तारे बऱ्याच अंशी काढता येतात. ६५६.३ नॅनोमीटरची रेषा टिपणाऱ्या अरुंद फिल्टरमध्ये ताऱ्यांचा अखंड प्रकाशही थोडा येतो, आणि तोच लाल चित्रातून योग्य गुणक लावून वजा करायचा असतो. पहिला अंदाज फिल्टरच्या रुंदीवरून आणि एक्स्पोजरवरून निघतो. अरुंद फिल्टर ७ नॅनोमीटरचा, लाल १०० चा, तर ०.०७, अरुंदचे एक्स्पोजर ३०० सेकंद आणि लालचे ६० सेकंद, म्हणून पाचपट, म्हणजे ०.३५. हा फक्त प्रारंभ आहे. दोन्ही चित्रांतून आधी आकाशाची पातळी काढा, दोन्ही एकमेकांवर बसवा, आणि संतृप्त न झालेल्या (कमाल आकड्याला न टेकलेल्या) दहा-बारा ताऱ्यांचा प्रकाश दोन्हींत मोजून गुणोत्तराचा मध्यक घ्या. खरा गुणक तो. गुणक जास्त झाला तर ताऱ्यांच्या जागी ऋण खळगे पडतात, कमी झाला तर ठिपके उरतात. एका चित्रात तारे अधिक फुगलेले असतील तर मध्ये खळगा आणि भोवती कडे दिसते. तेव्हा बारीक चित्र थोडे धूसर करून दुसऱ्याशी जुळवावे लागते. संतृप्त तारे नीट निघत नाहीत, कारण त्यांचा खरा आकडा कॅमेऱ्याने नोंदवलेलाच नसतो. लाल चित्रातही तेजोमेघाची हीच रेषा असते, म्हणून वजाबाकीत तिचाही अंश जातो : लालमध्ये ती पाचव्या भागाने आलेली, गुणिले ०.३५, म्हणजे ७ टक्के. तेजोमेघाचा प्रकाश मोजायचा असेल तर शेवटी ०.९३ ने भागून तो भरून काढावा. केवळ चित्रासाठी त्याची गरज नाही.

हे सर्व चित्र ताणण्यापूर्वी करायचे. लॉगरिदमने ताणलेल्या दोन चित्रांची वजाबाकी केली, तर प्रत्यक्षात मूळ आकड्यांचा भागाकार होतो आणि वरचा कोणताच गुणक लागू पडत नाही.

आपले लाइट आणि फ्लॅट चांगले आहेत, ते पुन्हा घेऊ नका. पहाटेच्या थंडीत साठ डार्क आणि फ्लॅटच्या एक्स्पोजरचे वीस डार्क घ्या, सगळे फ्लोटिंग पॉइंटमध्ये वाचा, आणि एका लाइटवर प्रत्येक क्रियेनंतर मध्यभाग, एक कोपरा आणि एक गरम पिक्सेल या तीन जागांचे आकडे वहीत लिहून ठेवा. मध्यभाग आणि कोपरा शेवटी दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळले नाहीत, तर तो वहीचा कागद मला पाठवा. कोणत्या ओळीत पायरी राहून गेली ते त्यावरून सांगता येईल.